दगडफुलाची अदलाबदल

पुण्यातल्या एका जुन्या संस्थेत वाळवलेल्या झाडपाल्याचा मोठा संग्रह आहे. तिथे मी ठेकेदाराकडून सफाईला लागले, त्याला पाच वर्षं होतील. झाडू आणि फडकं, एवढंच माझं काम. पण पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या मोठ्या मॅडमनी मला रद्दी आवरताना पाहिलं. वर्तमानपत्राच्या कागदात मी खडूचे तुकडे सवयीने पुडीत बांधले होते. दोरा न लावताही सुटणार नाही अशी पुडी. मंडईजवळच्या एका मसाल्याच्या दुकानात मी बरीच वर्षं पुड्या बांधायला होते, त्यामुळे हाताला ते वळण होतं.

"ही घडी परत घालून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मी घातली. दुसऱ्या दिवसापासून दुपारचे दोन तास त्यांनी मला बुरशी आणि दगडफुलाच्या खोलीत बसवायला सुरुवात केली.

बाकीच्या झाडांची पानं आणि फुलं जाड कागदावर शिवून ठेवतात. दगडफूल तसं राहत नाही, चुरतं. म्हणून ते कागदाच्या घडीत, पाकिटात ठेवतात. तिथली कितीतरी पाकिटं शंभर वर्षांच्या पुढची होती. कागद पिवळे पडलेले, घडीवर बोट ठेवलं तरी तुटायचे. मी नवं पाकीट घडवायचं, जुन्या कागदासकट आतलं दगडफूल त्यात ठेवायचं आणि वर मॅडमनी दिलेली नावाची चिठ्ठी डकवायची. जुना कागद कधीही टाकायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. एका वेळी एकच पाकीट उघडायचं, हेही त्यांनीच सांगितलं. तिसरा नियम तिथल्या शिपाईमामांनी सांगितला.

"एक तर पंखा, नाही तर पाकीट. दोन्ही एकदम नाही. मी बावीस वर्षं इथे घाम गाळतोय, अजून मेलो नाही."

दुकानात मी दगडफूल खूप निवडलं होतं. गोड्या मसाल्यात ते लागतंच. साल काढायची, खडे काढायचे. आमच्याकडे त्याचे दोनच प्रकार होते, निवडलेलं आणि न निवडलेलं. इथे त्याच दगडफुलाची कपाटंच्या कपाटं भरलेली आणि प्रत्येकाला वेगळं नाव. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ती इंग्रजी अक्षरातली नावं मला वाचता यायची नाहीत, पण पहिलं अक्षर ओळखता यायचं. कपाटं त्याच अक्षरांनी लावलेली होती, त्यामुळे माझं अडलं नाही.

मॅडमना बोलायला आवडायचं आणि मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही, म्हणून आमचं बरं जमलं. भिंगातून बघता बघता त्या सांगत राहायच्या. पहिल्यांदा ज्या माणसाने जगातल्या झाडांना एका शिस्तीने नावं दिली, त्याने दगडफुलांकडे नीट पाहिलंच नव्हतं म्हणे. दगडावरचं, झाडावरचं, पिवळं, राखाडी, दाढीसारखं लोंबणारं, सगळ्यांना एकाच घरात कोंबून तो मोकळा झाला. अळंबीचं तर त्याला काही उमगतच नव्हतं. त्या काळी काही शिकलेल्या लोकांना वाटायचं, की अळंबीची पूड कोमट पाण्यात ठेवली तर तिच्यातून किडे निघतात. मग तिला झाडांत घालायचं की जनावरांत?

"मग कुठे घातलं?" मी विचारलं. तो मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न असेल.

"झाडांतच ठेवलं. पण मनात धाकधूक होतीच त्याच्या."

पुढे त्याच्याच एका शिष्याने सगळं आयुष्य दगडफुलांपायी घालवलं आणि त्यांची घरं वेगळी केली. त्यानंतर आणखी एक जण आला आणि म्हणाला, दगडफूल हे एक झाड नाहीच. आत हिरवं शेवाळ आहे, बाहेरून बुरशी आहे आणि दोघांनी मिळून संसार मांडलाय. नावं देणारे जुने लोक त्याच्यावर फार चिडले. आपण इतकी वर्षं नाव एकाला देत होतो की दोघांना, असं त्यांना झालं असणार. मला त्यांची दया आली. माणूस डोळे ताणून एकेक कण बघतो, जमेल तसं नाव देतो, आणि मागून कोणीतरी येऊन हसतं.

पण त्या खोलीत कोणी कोणाचं नाव खोडत नाही, ही गोष्ट मला फार आवडली. जुनं नाव चुकीचं वाटलं तर त्याच्यावर रेघ मारायची नाही. शेजारी आपली चिठ्ठी लावायची, त्यावर आपलं मत, सही, तारीख. एकेका पाकिटावर अशा तीन तीन, चार चार चिठ्ठ्या असतात. आणि एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव देताना जो तुकडा समोर होता, तो सगळ्यांत जपतात. त्याला लाल काठाचं पाकीट. पुढे कधी वाद झाला, तर त्या तुकड्याचं जे म्हणणं तेच खरं.

माझी चूक झाली ती दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात. मामा जेवायला गेले होते. पी अक्षराच्या कपाटातली पाकिटं चालली होती. एक पाकीट उघडलेलं होतं, त्याचा जुना कागद इतका तुटका होता की त्याला हात लावायचा धीर होईना. म्हणून ते तसंच ठेवून मी शेजारचं दुसरं उघडलं. कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता. आता तो कागदावर पडणार, या भीतीने मी उठले आणि पंखा एकवर लावला. एकवर काय होतंय, असं वाटलं.

दगडफुलाला वजन नसतं. वळून पाहिलं तर दोन्ही तुकडे फरशीवर.

मी पंखा बंद केला, खाली बसले, दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. दोन्ही राखाडी, दोन्ही सुरकुतलेले. एक जरा मोठा होता आणि त्याच्या कडेला बारीक काळं काहीतरी होतं. फरशीवरची धूळ चिकटली असेल म्हणून मी हळूच फुंकर मारली. ती गेली नाही. टेबलावर दोन कागद उघडे पडले होते, एक मोठा, एक लहान. मोठा तुकडा मी मोठ्या कागदात ठेवला, लहान तुकडा लहान कागदात. पुड्या बांधणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? मामा ढेकर देत आले तेव्हा दोन्ही पाकिटं बंद करून मी चिठ्ठ्या डकवत होते.

कोणाला सांगितलं नाही. पहिले काही दिवस मॅडम ते कपाट उघडायच्या तेव्हा मी बाहेर झाडायला जायचे. मग वाटलं, माझा अंदाज बरोबरही असेल. वर्षभराने त्यातलं लहान पाकीट बीच्या कपाटात गेलं. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात त्या नावाचं घर बदललंय. पाकीट न उघडताच त्यांनी वर नवी चिठ्ठी लावली आणि मीच ते उचलून नेऊन ठेवलं. नेताना ओळखलं, पण गप्प राहिले.

गेल्या दोन वर्षांपासून संशोधन करणारी एक मुलगी आमच्या खोलीत बसते. हिंजवडीच्या बाजूच्या गावातली. घरची शेती कंपन्यांत गेली, भाऊ खोल्या भाड्याने देतात, आणि हिला दगडफुलाचं वेड. "आमच्यात म्हणत्यात, पोरगी मसाला शिकायला पुण्याला जाती," असं तीच हसत सांगायची. मला मावशी म्हणते. मी तिला ताई म्हणते. वयाने माझ्या मुलीएवढी, पण शिकलेल्या माणसाला अगं-तुगं करायला माझी जीभ वळत नाही.

या वर्षी फेब्रुवारीत ती एकदा धावतच मॅडमच्या टेबलाशी आली. तिच्या हातातलं पाकीट मी लांबूनच ओळखलं. मोठा कागद, कोपऱ्यात शाईचा पसरलेला ठिपका.

ती भराभरा सांगत होती आणि मी कपाटाची काच पुसता पुसता ऐकत होते. शंभरेक वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने तिच्याच गावातल्या आंब्याच्या सालीवरून हे दगडफूल काढलं होतं. त्यावरून त्याने एका नव्या जातीला नाव दिलं. अर्धा तुकडा बोटीने त्याच्या देशात पाठवला, तो तिकडे आगीत गेला. उरलेला अर्धा इथे, पुण्यात, साध्या पाकिटात पडून होता आणि कोणाला माहीतच नव्हतं. तो तिने शोधला. इथपर्यंत मलाही आनंद झाला.

"पण खरी गंमत पुढे आहे, मॅडम. त्याने पुस्तकात लिहिलंय, कडेला केस नाहीत. आणि हे बघा भिंगातून. केसच केस. म्हाताऱ्याला दिसले नाहीत? भिंग घरी विसरून आला होता काय?"

मॅडम भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. "केस आहेत खरे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्याचं नाव केसवाल्या जातीला चिकटलंय, आणि तिला आधीच दुसरं जुनं नाव आहे. ह्याचं नाव बाद. मग बिनकेसांच्या जातीला नावच उरत नाही. ते मी देणार. माझ्या गावाचं."

तिचा लेख पंधरा दिवसांत जाणार होता. तिच्या प्रबंधातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्याच्यावर उभं होतं. वडिलांनी गावात सांगूनही टाकलं होतं. "फ्लेक्स लावणार म्हणतायत चौकात. दगडफुलाचा फोटो आणि शेजारी माझा. कोणता कोणाचा ते लोकांनी ओळखायचं."

मी काच पुसत राहिले. एकच जागा पुसत होते, हे मागून लक्षात आलं. ती धूळ नव्हती. फुंकर मारली तरी गेली नाही, ते केस होते.

घरी दोन दिवस मी कशातच नव्हते. माझे मालक खराडीच्या एका कंपनीची बस चालवतात. सकाळी चहा घेताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हणजे तो गोरा मेला, तिकडचा तुकडा जळाला, मॅडमला माहीत नाही, पोरीला माहीत नाही. फक्त तुला माहीत आहे."

"हो."

"आणि तू सांगणार. छान. तो गोराच येईल हो मग तुला नोकरी द्यायला."

मी कपबशी उचलली. बूट घालताना ते परत म्हणाले, "पोरीचं काय होईल, सांगितलंस तर?"

"सगळं मोडेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. आज ना उद्या कोणीतरी बीच्या कपाटातलं ते दुसरं पाकीट उघडणार होतं. तेव्हा त्या मुलीच्या नावावर जगभर चूक लागली असती, तीही छापलेली. आणि त्या साहेबाचं तर आताच ठरलं होतं, भिंग विसरलेला म्हातारा. त्याला केस दिसले नाहीत असं नव्हतं. त्याच्या तुकड्याला केस नव्हतेच. हे सांगायला तो येऊ शकत नव्हता.

"डबा विसरू नका," एवढंच मी म्हणाले.

त्या दिवशी दुपारी खोलीत मॅडम आणि ती मुलगी, दोघीच होत्या. मी दारात उभी राहिले. वाक्य रस्ताभर घोकलं होतं.

"पाणी हवंय का, मावशी?" ती म्हणाली.

"ताई, ते केसांचं दगडफूल त्या पाकिटातलं नाही."

"कोणत्या पाकिटातलं?"

"तुमच्या. ते मी घातलं त्यात."

तिला आधी कळलंच नाही. मग मी पंख्याचं सांगितलं, दोन तुकड्यांचं, मोठ्या कागदाचं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"खोटं बोलताय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "दोन वर्सं मी ह्याच्यावर हाय, मावशी. दोन वर्सं. तुम्ही रोज इथं झाडू मारत व्हता. रोज."

ती कधी आमच्यासमोर घरची भाषा बोलत नसे.

मॅडमनी विचारलं, "दुसरं पाकीट कुठलं?"

"बीच्या कपाटात. खालून दुसरा कप्पा. घर बदललं तेव्हा तुम्ही पाठवलंत ते."

पाकीट मीच आणलं. मॅडमनी ते टेबलावर उघडलं. लहान तुकडा, भिंगाखाली धरला तर कडा गुळगुळीत, एकही केस नाही. मुलगी लगेच म्हणाली, "ह्याने काय सिद्ध होतंय? बिनकेसांचे ढीगभर आहेत कपाटात. हाच तो कशावरून? ह्या म्हणतात म्हणून?"

ती बरोबरच बोलत होती. माझ्याकडे शब्दांशिवाय काही नव्हतं.

मॅडमनी साहेबाचा तो मोठा जुना कागद अलगद सपाट केला. मधोमध तपकिरी डाग होता. मुलीने तो आधी पाहिला होता आणि ओल लागली असेल म्हणून सोडून दिला होता. इतकी वर्षं कागदाला टेकून राहिलं की दगडफुलाचा रंग कागदात उतरतो. साहेबाने कागद मोठा घेतला होता तो तुकडा मोठा म्हणून नव्हे, त्याला लिहायचं बरंच होतं म्हणून. मॅडमनी चिमट्याने लहान तुकडा उचलला, डागावर ठेवला, जरा फिरवला. एका बाजूला त्याला खाच होती. डागालाही त्याच बाजूला खाच होती. तुकडा डागावर असा बसला की कागद दिसेनासा झाला.

मग केसांचा मोठा तुकडा त्यांनी दुसऱ्या पाकिटातल्या लहान कागदावर ठेवला. तोही आपल्या डागावर बसला. कागदात जेमतेम मावत होता.

मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने वही उचलली आणि निघून गेली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मॅडम म्हणाल्या.

"भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"आता पण वाटते."

त्यांनी दोन्ही पाकिटांत एकेक चिठ्ठी घातली. तुकडे बदलले गेले होते, ते कसे, आणि कधी परत लावले, हे त्यांवर लिहिलं. साहेबाच्या पाकिटाला लाल काठाचं कव्हर आलं. ऑफिसला कळवावं लागलं आणि माझं पाकिटांचं काम बंद झालं. ठेकेदाराने झाडूचं काम राहू दिलं, हे मोठंच. मामांनी जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "पंखा एकवर, नाही का? मला वाटलं तीनवर." आणि पुढे जाऊन मागे वळले. "बरं केलंस सांगितलंस ते."

मुलगी आठ दिवस आली नाही. मी रोज तिचं टेबल पुसत होते. तिने जाताना मिटायला विसरलेलं पुस्तक तसंच उघडं होतं, त्याला मी हात लावला नाही, भोवतीने पुसलं. वाटायचं, मी तिच्या गावाचं नाव हिरावून घेतलं. कोणाच्या हातातोंडाशी आलेला घास पाडावा तसं. साहेबाचं भलं झालं, पण ती तर जिवंत होती आणि रोज घरी जाऊन तिला बापाला तोंड दाखवायचं होतं.

नवव्या दिवशी मी पॅसेज पुसत असताना ती आली. माझ्या ओल्या फरशीवरून न जाता कडेने गेली. दाराशी थांबून म्हणाली, "आत या."

आत गेले. ती बसली, मी उभी.

"प्रकरण परत लिहिलं. म्हातारा बरोबर होता, एवढंच निघालं त्यातून. इंग्रजीत जरा लांबवलंय." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, मग लक्षात येऊन परत आपल्याकडे वळवला आणि एक ओळ मराठीत सांगितली. ज्याने नाव दिलं त्याने जे पाहिलं तेच लिहिलं आणि त्याचं नाव कायम राहतं, असं काहीसं.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मग त्या साहेबाचाच फ्लेक्स लावू, आपल्या आंब्यावरनं नेलंय त्यानं." ती हसली नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला. मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "खरं सांगा. अजून किती पाकिटांत असं झालंय?"

"नाही झालेलं."

"नक्की?"

"नक्की. ती एकच दुपार."

ती बराच वेळ बघत राहिली. विश्वास ठेवायचा की नाही, हे ती ठरवत होती आणि मला तिच्यासमोर ठेवायला काही नव्हतं. मीही तशीच बघत राहिले. एरवी मला कोणाच्या डोळ्यांत बघता येत नाही.

"तुमच्या शब्दावर मला पुढचं लिहिता येणार नाही, मावशी. राग म्हणून नाही. पीची सगळी पाकिटं उघडून बघायची, तुकडा आपल्या डागावर बसतो का. मॅडमनी ऑफिसमधून तुमच्यासाठी परवानगी आणलीये, मी असेन तेव्हाच उघडायची या अटीवर. ते जुने कागद माझ्या हाताने तुटतात."

"माझंच तपासायचं, तेही मीच?"

"मग काय मी एकटीने करू?" ती म्हणाली आणि पायाने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. त्यात माझ्या गावाचं काही निघालं तर बघू. नाही निघालं तर बाबांना सांगू, मसाला शिकते."

मी हात पुसले आणि बसले. पहिलं पाकीट उघडलं. जुन्या कागदाची घडी कडेकडेने सोडवली, चिमट्याने तुकडा उचलला आणि डागावर ठेवला. तो बसला. तिने वाकून पाहिलं, वहीत खूण केली आणि दुसरं पाकीट माझ्याकडे सरकवलं.